जोस्वे रनूफचा हारो

जर्सी बेटावर दोन भावांनी एकमेकांशी बोलणं सोडलं, तर लोक आधी विचारतात, बांध कुठला? बायका, दारू, चर्चमधली बसायची जागा ही कारणं नंतर. रनूफ भावांचा बांध सगळ्या गावाला ठाऊक होता. मोठ्या भावाच्या, म्हणजे अमीसच्या घरामागे तो उभा होता आणि त्याच्या अलीकडे धाकट्या जोस्वेची बटाट्याची जमीन होती. पुरुषभर उंच, मातीचा, पोटात दगड आणि डोक्यावर काटेरी झुडपं. एके काळी त्याच्या मध्यावर एक वाट होती, एक माणूस आणि एक गाय शेजारी शेजारी जातील एवढी. ती वाट जोस्वेने एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली एका संध्याकाळी स्वतःच्या हातांनी दगडमाती लोटून बुजवली. तेव्हापासून एकतीस वर्षं दोघा भावांनी एकमेकांना पाहिलं ते फक्त रविवारी, प्रार्थनेला, आणि तेही पाठीमागून.

भांडण दीड फुटाचं होतं. हसण्यासारखं आहे, पण बेटावर कोणी हसलं नाही. आमचे पूर्वज नॉर्मंडीतून इकडे आले तेव्हा त्यांनी बायकामुलं, गायी आणि कायदे असं सगळंच बरोबर आणलं. पुढे समोरच्या किनाऱ्यावरची नॉर्मंडी फ्रान्सच्या राजाने गिळली, त्यालाही पावणेआठशे वर्षं झाली. कायदे मात्र बेटावर राहून गेले. त्यातला एक असा की राहतं घर थोरल्याचं. त्यावर जोस्वेने चकार शब्द काढला नव्हता. दुसरा असा की बांध ज्याचा, त्याचीच बांधाच्या पलीकडची दीड फूट जमीन, डागडुजीला उभं राहता यावं म्हणून. आता बांध कोणाचा हे वडील सांगायचं विसरले आणि मेले. अमीस म्हणाला, घराबरोबर बांध आला. जोस्वे म्हणाला, बांध शेताचा. आणि एका सकाळी त्या दीड फुटात अमीसने आपली गाय आणून बांधली. तिने जोस्वेची कोबीची अख्खी ओळ मुळापर्यंत फस्त केली. संध्याकाळी वाट बुजली.

त्याच दोघांनी जर्मनांच्या अमलात पाच वर्षं एका ताटात खाल्लं होतं. चोरून पाळलेलं डुक्कर आजारी म्हातारी म्हणून पलंगावर पांघरुणात झोपवलं होतं आणि जर्मन शिपाई खोलीत डोकावला तेव्हा अमीसने रडण्याचं सोंग केलं होतं. उपासमारीत जे टिकलं ते एका गायीने संपवलं. जोस्वेला याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण वाईट वाटणं आणि पहिलं पाऊल टाकणं यांच्यामध्ये रनूफांच्या घराण्यात नेहमीच मोठं अंतर राहत आलं होतं.

मार्चमधला मंगळवार होता. जोस्वे बाहत्तर वर्षांचा झाला होता आणि स्वयंपाकघरात बसून चहात पाव बुडवत होता. त्याची बायको एल्वीना खिडकीपाशी भांडी पुसत होती.

"अमीसकडे काहीतरी चाललंय," ती म्हणाली.

"चालू दे."

"पिकोचं खोदायचं मशीन आहे. पिवळं ते. बांधापाशीच आणलंय की."

जोस्वेचा पाव चहात बुडाला तो बुडालाच. तो खिडकीशी आला. मशीनने आपला लोखंडी पंजा उचलला, बांधाच्या मध्यावर टाकला आणि झुडपांसकट मातीचा एक घास ओरबाडून घेतला.

"माझा बांध पाडतोय तो."

"तुझा कुठला? तो कोणाचा हे त्या देवाला तरी ठाऊक आहे का?"

पण जोस्वे आत गेलासुद्धा होता. खरं सांगायचं तर त्याला राग आला त्याहून जास्त आनंद झाला होता. एकतीस वर्षांत अमीसने त्याच्या वाटेला जाईल असं एकही काम केलं नव्हतं. न शिवी, न टोमणा, न दुसरी गाय. नुसत्या जुन्या कोबीवर राग धरून ठेवणं सोपं नसतं. आज अमीसने स्वतः होऊन कारण हातात दिलं होतं, आणि अशा कारणाला काय उत्तर द्यायचं हे रनूफांना शिकवावं लागत नाही. त्यांच्या आजोबांनी गावाच्या रस्तारुंदीवाल्यांसमोर गुडघे टेकून हारो, म्हणजे चाललेलं काम जागच्या जागी थांबवणारी बेटाची जुनी कायदेशीर हाक, पुकारला होता आणि मजुरांनी कुदळी होत्या तिथे टाकून दिल्या होत्या. दर नाताळला जेवणाच्या टेबलावर ती गोष्ट व्हायची. जोस्वेला आयुष्यात एकदाही हारो पुकारायची संधी मिळाली नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा डोक्यावर चर्चची टोपी होती.

"शेतात ही टोपी?" एल्वीना म्हणाली.

"हारोला टोपी काढावी लागते. काढायची ती चांगली नको का?"

"जोस्वे, वेडेपणा करू नकोस. आधी विचार तरी त्यांना, काय करताय म्हणून."

"विचारायचं काय त्यात? दोन साक्षीदार लागतात. तू चल. तो पोस्टमन आलाय फाटकात, त्यालाही घे."

पोस्टमन बिचारा पत्रांची पिशवी खांद्याला तशीच ठेवून बटाट्याच्या सऱ्यांमधून धडपडत आला. नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती, आणि बघायची इच्छाही होती. आजकाल हारो ऐकायला मिळतो कुठे?

बांधापाशी पोचल्यावर जोस्वेने टोपी काढली, ओल्या मातीत दोन्ही गुडघे टेकले आणि आकाशाकडे नाही, अमीसच्या खिडक्यांकडे पाहून ओरडला, "हारो! हारो! हारो! धाव रे माझ्या प्रिन्सा, माझ्यावर अन्याय होतोय!"

जुन्या फ्रेंचमधले ते शब्द त्याने इतक्या मोठ्याने उच्चारले की अमीसच्या गोठ्यातली गाय हंबरली. प्रिन्स म्हणजे नॉर्मंडीचा ड्यूक. नॉर्मंडी ड्यूकच्या हातात नाही आणि ड्यूक म्हणजे लंडनमधली राणीबाई, ही अडचण बेटावर कोणाला अडचण वाटत नाही. मशीनवरच्या पिकोने तत्क्षणी चावी फिरवली. पंजा हवेत होता तो तसाच थांबला, त्यातून माती गळत राहिली. पिको खाली उतरला आणि त्यानेही टोपी काढली.

सगळं अगदी आजोबांच्या गोष्टीसारखं झालं होतं.

तेवढ्यात अमीसची मुलगी लिडी घरातून धावत आली. चाळिशीची, शहरात बँकेत कामाला होती. आईमागे बापाला बघायला दोन महिन्यांपूर्वी परत आली होती. अर्धवट पाडलेल्या बांधावर चढून ती उभी राहिली.

"काका, काय केलंत हे?"

"तुझ्या बापाला विचार. माझा बांध पाडतोय."

"पाडत नाहीत, वाट उघडतायत! तुम्ही बुजवली होती ती." तिचा आवाज फाटला. "त्यांना तुमच्याकडे यायचं होतं. डॉक्टर म्हणाले दोन आठवडे, फार तर तीन. मी म्हटलं, मी गाडीतून रस्त्याने नेते. तर म्हणाले, मी काय पाहुणा आहे पुढच्या दाराने जायला? होती तिथून वाट काढ, आणि खुर्चीवर बसवून मला तिथून ने."

"मला निरोप तरी द्यायचा."

"मी म्हटलंच होतं. म्हणाले, मशीनचा आवाज ऐकला की जोस्वेला कळेल."

जोस्वे अजून गुडघ्यांवरच होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. ज्या भावाला अडाण्यातला अडाणी म्हणत त्याने एकतीस वर्षं काढली, त्या भावाने त्याच्या समजुतीवर एवढा मोठा भरवसा टाकला होता आणि तो फुकट गेला होता.

"पिको," तो उठत म्हणाला, "चालू कर ते मशीन."

पिको हलला नाही.

"ऐकलं नाहीस? मी सांगतोय ना? घे माती काढायला."

"नाही हो, मेस रनूफ." पिकोने टोपी छातीशी धरली होती; 'मेस' ही जुन्या बोलीतली, शेतमालकाला आदराने मारायची हाक. "प्रिन्सचं नाव घेतलंत तुम्ही. आता ते ना तुमच्या हातात, ना माझ्या. कोर्ट सांगेपर्यंत इथल्या ढेकळालासुद्धा मी हात लावायचा नाही. माझ्या बापाने मला कायद्यातली एवढी एकच गोष्ट शिकवलीय."

"मीच तर पुकारला. मीच मागे घेतो."

"इथे उभं राहून नाही मागे घेता येत."

जोस्वेने स्वतःच खाली वाकून एक दगड उचलला. एल्वीनाने त्याच्या मनगटाला धरलं. पोस्टमनने नजर वळवली. जोस्वेने दगड होता तिथे परत ठेवला, कारण पिको म्हणाला ते खरं होतं आणि हे त्याला पिकोपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"मग आता येताय का, काका?" लिडी म्हणाली. "माझ्याबरोबर, रस्त्याने?"

त्याने आपल्या चिखलाने माखलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. "कपडे बदलून येतो," तो म्हणाला.

तो गेला नाही. कपडे बदलले, आणि पलंगाच्या कडेला बसला तो अंधार पडेपर्यंत. भावाच्या दारात जाऊन काय तोंडाने उभं राहायचं? तू माझ्याकडे यायला निघालास आणि मी तुझ्यावर ड्यूकला सोडलं, असं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी तो बसने शहरात गेला. कोर्टातल्या कारकुनाने त्याचं सगळं ऐकून घेतलं, भला माणूस होता, आणि म्हणाला की हारो एकदा पुकारला की तो दोघांपुरता राहत नाही. पुकारणाऱ्याने कोर्टासमोर उभं राहून चूक कबूल करायची, दंड भरायचा, मग कोर्ट मोकळीक देईल. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी.

"नऊ दिवस," जोस्वे घरी येऊन म्हणाला. "शुक्रवारी कागद मिळेल."

"आणि तोवर?"

"तोवर काय? थांबायचं. कागद मिळाला की मी स्वतः फावडं घेऊन वाट मोकळी करतो. बुजवली मी, उघडणारही मीच. आणि त्या वाटेने त्याच्याकडे जातो."

"अरे पण रस्ता आहे ना! लिडीने अजून दार लावून घेतलं नाहीये. ऊठ, कोट घाल, जा."

"तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं?" एल्वीनाने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "मी चव्वेचाळीस वर्षं एका रनूफबरोबर संसार केलाय. तुम्हाला माणूस नको असतो, तुम्हाला रीतभात हवी असते. मरताना तरी रीत सोडा!"

"रीत आहे म्हणूनच तर इतकी शतकं इथे टिकलोय आपण," जोस्वे म्हणाला. त्याला हे वाक्य बोलताना बरं वाटलं. एल्वीनाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की बरं वाटणं फार वेळ राहिलं नाही.

ती स्वतः गेली. कोबीच्या पानांवर भाजलेला पाव घेऊन, वळसा घालून, रस्त्याने. अमीस औषधाच्या गुंगीत होता आणि लिडी फारसं बोलली नाही. "हाडं राहिलीत नुसती," एल्वीना परत येऊन म्हणाली. "हात हातात घेतला तर पाखराएवढं वजन." ती पुन्हा म्हणाली, जा. तो म्हणाला, शुक्रवारी.

त्या दिवसांत त्याने बटाट्याला हात लावला नाही. सकाळी उठून बांधापाशी जायचा आणि अर्धवट खणलेल्या खिंडाराकडे बघत उभा राहायचा. पलीकडे पिकोचं मशीन तसंच उभं होतं. मधली माती आता फक्त छातीएवढी राहिली होती. त्यावरून तो चढून सहज गेला असता, पण तिथल्या मातीवर पाय ठेवायचा नव्हता. तिथे उभा राहून तो मनातल्या मनात बोलणं जुळवायचा, आणि तेही आपल्या जुन्या नॉर्मन बोलीत, कारण अमीसशी इंग्रजीत बोलायचं म्हणजे पाद्र्याशी बोलल्यासारखं. एल्वीना सोडली तर ती बोली त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं. या शेताच्या एकेका कोपऱ्याला नाव होतं, नॉर्मनांच्या उत्तरेकडून होड्यांतून आलेल्या त्या पहिल्या दांडग्या पूर्वजांनी ठेवलेलं. ओढ्याकडच्या तिरक्या तुकड्याला वडील काय म्हणायचे ते त्याला काही केल्या आठवेना. अमीसला आठवत असणार. विचारायच्या गोष्टींची यादी मनात वाढत गेली आणि त्याला जवळजवळ सुख वाटायला लागलं. शुक्रवारी माफी मागून झाली की हे विचारू, मग ते विचारू. डुकराचंही काढू. अमीस हसेल.

पुढच्या बुधवारी दुपारी चर्चची घंटा वाजली, सावकाश, एकेक ठोका सुटा. एल्वीनाने हातातलं काम थांबवून ठोके मोजले. शहात्तर झाले तेव्हा ती खुर्चीवर बसली. जोस्वे दारात उभा होता. गावात माणूस गेलं की वयाच्या वर्षांइतके ठोके पडतात, आणि अमीस शहात्तर वर्षांचा होता.

शुक्रवारी तो तरीही कोर्टात गेला. जायलाच हवं होतं. लाल झग्यातल्या न्यायाधीशाने विचारलं, पुकारणारा काय म्हणतो? जोस्वे म्हणाला, "माझ्यावर अन्याय झाला नव्हता." न्यायाधीशाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, किरकोळ दंड सांगितला, आणि बांधाला हात लावायला मोकळीक दिली. कारकुनाने कागदावर शिक्का मारून तो घडी करून त्याच्या हातात दिला. "मला वाईट वाटतं, मेस रनूफ," तो म्हणाला. त्यालाही कळलं होतं.

शनिवारी अमीसला रस्त्याने नेलं. शवपेटी जोस्वेच्या फाटकावरून गेली आणि तो एल्वीनाचा हात धरून मागे चालू लागला. चर्चमध्ये या वेळी तो पहिल्या ओळीत बसला, आणि पुढे बघायला भावाची पाठ नव्हती.

माती देऊन झाल्यावर सगळे अमीसच्या घरी चहाला जमले. एकतीस वर्षांनी जोस्वे त्या स्वयंपाकघरात शिरला. चूल तीच होती. खिडकीखाली एक पलंग आणून ठेवला होता, त्याचं तोंड बांधाकडे होतं. लोक थोडं बोलले, थोडं खाल्लं, एकेक करून गेले. पिको जाताना जोस्वेचा हात दाबून गेला. शेवटी घरात तिघंच उरली. लिडी कप गोळा करत होती. एल्वीना तिला मदत करायला उठली तशी ती म्हणाली, "राहू दे काकू, बसा."

मग ती जोस्वेसमोर बसली. रडून रडून तिचे डोळे कोरडे झाले होते आणि राग होता तो कुठेतरी विरला होता.

"त्या दिवशी तुम्ही ओरडलात ते बाबांना इथवर ऐकू आलं," ती म्हणाली. "मला वाटलं आता संपलं, हे दुखणं त्यांना दोन दिवसही जगू देणार नाही. आत आले तर ते उशीवर उठून बसले होते. हसत होते, काका. म्हणाले, ऐकलंस? एक शब्द चुकला नाही पठ्ठ्याचा. या बेटावर आता असा हारो कोण देतंय?"

जोस्वेने हातातला कप टेबलावर ठेवला.

"रागावला नव्हता?"

"कशाला रागावतील? येईल-जाईल त्याला सांगत होते. डॉक्टरांना दोनदा सांगितलं. मग रोज या खिडकीतून तुम्ही दिसायचात, बांधापाशी उभे. ते म्हणायचे, बघ, आला. मी म्हणायचे, मी जाऊन हाताला धरून घेऊन येते. तर मला जाऊ देत नव्हते. एल्वीनाकाकू आल्या तर त्यांनाही काही सांगू नकोस, असं आधीच बजावलं होतं. काका, मला एकच सांगा. पलीकडून रोज बघत होतात. रस्ता उघडा होता. का नाही आलात?"

जोस्वेचं आठवडाभर जुळवलेलं सगळं बोलणं तोंडाशी आलं आणि त्यातलं एकही वाक्य या प्रश्नाला पुरणारं नव्हतं. कोटाच्या आतल्या खिशात शिक्क्याचा कागद होता. त्याने छातीवर हात ठेवला.

"कागद यायचा होता," तो म्हणाला.

लिडीने मान हलवली, जणू हे उत्तर तिने आधीच ऐकलं होतं.

"बाबाही रोज तेच म्हणायचे," ती म्हणाली. "कागद आला की तो येईल, त्याला घाई करू नकोस."

तेव्हा मात्र जोस्वे रनूफला रडू आवरलं नाही. भावाच्या टेबलावर डोकं ठेवून तो मोठ्याने रडला, आणि त्या दोघी बायकांनी त्याला रडू दिलं.